कंडक्टरमामांनी पाहिलेलं गाव

कंडक्टरमामांची सगळी नोकरी एकाच मार्गावर झाली. गाडी आमच्या गावातून सुटायची आणि फिरून आमच्याच गावात येऊन थांबायची. शेवटच्या टप्प्यात गाडीत उरायचे ते मामा, ड्रायव्हर आणि कुणाचं तरी विसरलेलं गाठोडं. चुकून एखाद्या परक्याने विचारलंच, "शेवटच्या थांब्यावर काय आहे हो?" तर मामा सांगायचे, "काही नाही. अलीकडेच उतरा."

मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या थोरल्या वहिनींनी गावातल्या बायकांना जमवून ठरवलं, की बाहेरच्या लोकांना बोलवायचं, गाव दाखवायचं. हॉटेल नाही, काही नाही. ज्याच्या त्याच्या घरातली एक खोली, पाळीपाळीने. मिळकतीतला वाटा डोंगरावरच्या झऱ्याच्या डागडुजीला.

मामांना हसू आवरेना. "वहिनी, इथे माणसं बघायला येणार तरी काय? मला?"

"तुम्हाला बघायला कुणी येत नाही, भावोजी. तुम्ही खोली तेवढी रिकामी करा."

पाळी आली तशी मामांनी खोलीला डोळे दिपतील असा पोपटी रंग काढला, कोनाड्यात प्लास्टिकची फुलं ठेवली आणि नव्या गादीवरचं प्लास्टिक काढायचं नाही असं बजावलं.

"अहो, पाहुणे कूस बदलतील तेव्हा शेजारी जागे होतील," मामी म्हणाल्या. मामा बाहेर गेले तसं त्यांनी ते प्लास्टिक काढून टाकलं.

पाहुण्या म्हणजे एक आई आणि तिची मोठी मुलगी. गाडीतून उतरणाऱ्या त्या दोघीच, तरी मामा थांब्यावर ओरडले, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" मग त्यांनी गाव दाखवलं. पाण्याची नवी टाकी, मोबाइलचा टॉवर, सिमेंटचा थांबा. आईने भिडेखातर टाकीचा फोटो काढला. मुलगी मात्र म्हणाली, "मामा, त्या डोंगरावर काय आहे?"

मामांची पंचाईत झाली. पहाटेच्या गाडीने जायचं, अंधारात परत यायचं, सुट्टी झोपेत घालवायची. असं करता करता गाव त्यांनी उजेडात पाहिलंच नव्हतं म्हणा ना. पण माहीत नाही असं म्हणतील तर ते कंडक्टर कसले?

"चला, दाखवतो!"

डोंगरावर मामांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि वाटही हरवली.

"मामा, हे वाकडं झाड मघाशीही लागलं होतं," आई म्हणाली.

"तसली पुष्कळ आहेत इथे," मामा म्हणाले आणि उताराला लागले. काट्याकुट्यांतून घसरत तिघं थेट एका अंगणात येऊन पडली. अंगण नेमकं टोपलीवाल्यांचं. वर्षानुवर्षं मामांचं त्यांच्याशी बोलणं नव्हतं. नियमावर बोट ठेवून मामांनी एकदा त्यांची बांबूची मोळी गाडीत घेऊ दिली नव्हती.

टोपलीवाल्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं. मग मामांकडे बघून विचारलं, "वाट चुकलात?"

"छे. जवळचा रस्ता दाखवत होतो."

"जवळचाच आहे. तुम्हाला यायला बरीच वर्षं लागली, एवढंच."

ओल्या बांबूच्या वासात सगळे विणायला बसले. पाहुण्यांच्या टोपल्या बऱ्या जमल्या. मामांची एका बाजूने टोपली आणि दुसऱ्या बाजूने सूप झाली. ती उसवता उसवता मामा खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी मोळी घ्यायला हवी होती. गाडी रिकामीच होती. पण नियम होता."

"नियम होता हो," टोपलीवाले म्हणाले, "आणि ऊनही होतं." थोड्या वेळाने त्यांनी मामांच्या हातातलं काम घेतलं आणि पुन्हा सुरुवात करून दिली.

पुढे रोज सकाळी मामा आणि टोपलीवाले दोघं डोंगरावर दिसू लागले. मामांना झरा कळला, पायवाटा कळल्या, पाखरं कळली. आणि मग काय, पाहुण्यांची सुटका नाही! शेवटी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, त्या पाखरांनाही थोडं बोलू द्या."

गावाचं नाव झालं तसा शहरातून एक सहलवाला आला. दर आठवड्याला भरलेली बस आणतो म्हणाला. शाळेच्या ओसरीत सभा भरली. सगळे मामांकडे बघू लागले, कारण भरलेल्या गाडीची आस या माणसाने जन्मभर धरली होती.

मामांनी टोपलीवाल्यांना विचारलं, "उन्हाळ्यात झरा कितीजणांना पुरतो?"

"आपल्यालाच जपून वापरावा लागतो."

"मग नको," मामा म्हणाले. "खोल्या असतील तेवढीच माणसं घेऊ."

"मामा, गावाचं नुकसान करताय," सहलवाला म्हणाला.

"असेल. पण पाहुण्यांना कोरड्या हंड्यावर नाही बसवणार."

गावाने ते मानलं. मामा मात्र त्या संध्याकाळी नीट जेवले नाहीत. थांब्यावर जाऊन रिकामी गाडी वळताना बघत उभे राहिले.

पुढच्या मोसमात त्या मायलेकींनी फोन करून मामींनाच बोलावलं. "आता तुम्ही आमच्याकडे पाहुण्या या." मामी उभ्या जन्मात गावाबाहेर राहायला गेल्या नव्हत्या. त्या खिडकीशी बसल्या. मामा गाडीत चढून सूचना देऊ लागले तशा म्हणाल्या, "अहो, उतरा आता. तुमच्यामुळे गाडी अडलीय."

नेमकी तेव्हाच घराची पाळी आली. एक म्हातारं जोडपं उतरलं. मामांनी पहिल्याच दिवशी भात करपवला. आजोबांनी तो मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी आजींनी पदर खोचला आणि मामांना कांदा चिरायला बसवलं.

मामी परतल्या त्या नव्या शहराच्या गोष्टी घेऊनच. तरी दारातच त्यांनी विचारलं, "पाहुण्यांची नीट सोय केलीत ना?"

"उत्तम!" मामा म्हणाले. "भांडीसुद्धा मी एकट्याने नाही घासू दिली त्यांना. पुसायला मी होतो."