जाड मानेचा बगळा

गल्लीत त्याला सगळे दातवाला म्हणत. तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत आणि हा लॅबमध्ये स्टुलावर बसून दात घडवायचा. कवळ्या, कॅप, समोरचा एखादा पडलेला दात. त्यातही त्याचा हात बसला होता तो रंगावर. नवा दात शेजारच्या खऱ्या दातांत असा मिसळून द्यायचा की आरशात बघणाऱ्यालाही आपला कुठला आणि परका कुठला ते कळू नये. "दात पांढरे असतात असं फक्त टूथपेस्टवाल्यांना वाटतं," तो म्हणे.

त्याला नाद होता विमानांचा. घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर होता, आणि त्यात जुनी, पंख्यांची प्रवासी विमानं उडवणारी जगभरची हौशी मंडळी त्याच्या ओळखीची झाली होती. उडवण्यात याला फारशी गती नव्हती. उतरताना धावपट्टी कधी डावीकडे पळायची, कधी उजवीकडे. हा विमानांना कपडे शिवायचा. कंपनीचे पट्टे, खिडक्यांवरचं नाव, शेपटीवरचं चिन्ह, सगळं चित्रात रंगवून विमानावर चढवायचं. मंडळी त्याला लिव्हरी म्हणत, हा अंगरखा म्हणायचा. कॉम्प्युटरवर विमानाची कातडी शिंप्याने बेतलेल्या कापडासारखी तुकड्यातुकड्यांत पसरलेली असते. पट्टा नाकापासून निघतो, पंखापाशी तुटतो आणि भलत्याच तुकड्यावर पुन्हा उगवतो. जोड केसभर चुकला तरी आकाशात उघडा पडतो. बंद पडलेल्या कंपन्यांचे असे अंगरखे शिवून तो मागेल त्याला फुकट देत असे.

घरात बायको होती, ती औषधांच्या दुकानात कामाला जायची; आणि सासूबाई. सासरे गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. जावयाचं घर म्हणून त्या अंग चोरून वावरायच्या, आणि सासू घरात म्हणून हाही. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं इतकं अंग चोरता की मला उगाचच घर मोठं वाटायला लागलंय."

मग लॅबच्या मालकाने दात कोरणारं यंत्र आणलं आणि याला घरी बसवलं. जवळजवळ वर्षभर तो घरी होता. बायको कामाला गेली की हा पडदा ओढून विमानं रंगवत बसायचा, कारण दुसरं काही हातात धरवत नव्हतं. नातेवाईक यायचे आणि पाणी पिऊन होण्याआधी विचारायचे, "जावई काय करतात सध्या?" आतल्या खोलीतून एकदा त्याने सासूबाईंचं उत्तर ऐकलं. "कामात आहेत. जरा हळू बोला."

एवढंच. पण त्या वाक्याने त्याला जो आधार दिला तो कुणाच्याही सल्ल्याने दिला नव्हता. पुढे दुसऱ्या एका लॅबने त्याला खास रंगकामासाठी बोलावलं आणि गाडी रुळावर आली. ते वाक्य मात्र मनात घर करून राहिलं. सासूबाईंना एकदा सांगायला हवं, असं त्याला सारखं वाटे. पण सासूसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

सासूबाई लग्नाआधी हवाई सुंदरी होत्या. कंपनी एवढीशी, विमानं दोन. लग्न झालं की नोकरी सोडायची, असा तिथला नियम. त्यांनी सोडली, आणि थोड्याच वर्षांत कंपनीही बुडाली. उरला होता एक काळा-पांढरा फोटो. विमानाच्या शिडीवर त्या उभ्या, मागे शेपटीचा अर्धा तुकडा. आता त्यांची नजर मधोमध धुरकट होत चालली होती. समोरचं दिसेना, कडेचं दिसे; म्हणून कुणाशी बोलताना त्या मान वळवून बघायच्या. ती कड शाबूत आहे तोवर त्यांचं विमान रंगवायचं, असं त्याने ठरवलं.

"आई, तुमच्या विमानाचा पट्टा कुठल्या रंगाचा होता?"

"त्या खटाऱ्याचं काय काढलंत आज?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "हिरवा."

आता हिरवा म्हणजे कुठला हिरवा? कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याने दाखवला तो प्रत्येक हिरवा त्यांनी मोडीत काढला. शेवटी त्याने लॅबची रीत धरली. दाताचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवत नाहीत. खिडकीच्या उजेडात, आणि डोळा शिणायच्या आत ठरवतात. त्याने जाड कागदाचे तुकडे रंगवले आणि रविवारी सकाळी सासूबाईंना खिडकीत बसवून एकेक तुकडा त्यांच्या नजरेच्या कडेला धरला.

"हा पोपट झाला."

"आणि हा?"

"हा सरकारी दवाखान्याचा दरवाजा."

बायको दारात उभी राहून हसत होती. बऱ्याच वेळाने एका तुकड्यावर त्यांची मान थबकली. "याच्यात थोडं दूध घाला," त्या म्हणाल्या. त्याने पांढरा मिसळून पुन्हा धरला. त्या तो तुकडा हातात घेऊन बसल्या.

पट्टा जमला, पक्ष्याशी गाडी अडली. शेपटीवर बगळा होता, पण फोटोत त्याचे पायच तेवढे आलेले. याने लांब मानेचा डौलदार बगळा काढला आणि तोंडी वर्णन केलं, तर सासूबाईंना हसू आवरेना.

"अहो, इतका देखणा कुठला असायला! मालकांच्या मेव्हण्याने काढला होता तो. मान ही अशी जाड. आम्ही सगळे त्याला कोंबडीच म्हणायचो. 'आज कोंबडी वेळेवर आहे का', असं विचारायचो."

"काढून दाखवता?"

"कागदावरचं मला दिसतंय कुठे?"

दुसऱ्या दिवशी तो लॅबमधून गुलाबी मेण घेऊन आला. कवळीच्या हिरड्या घडवतात ते. गरम पाण्यात मऊ करून त्याने ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. बोटांनी मान ओढली, पुन्हा दाबून जाड केली, पोट फुगवलं, चोच जरा खाली वाकवली. ताटलीत जे उभं राहिलं ते खरंच ना धड बगळा ना धड कोंबडी होतं. त्याने त्याचा फोटो काढला आणि रेघ न् रेघ तशीच शेपटीवर उतरवली.

अंगरखा पुरा झाला तेव्हा त्याने कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला आणि सासूबाईंची खुर्ची अगदी जवळ, जराशी तिरकी ठेवली. एक इंजिन खोकून सुरू झालं, मग दुसरं. त्या आवाजासरशी सासूबाई ताठ झाल्या. विमान वर चढल्यावर त्या उठल्या, खुर्चीची पाठ धरली, आणि लेकीने जन्मात न ऐकलेल्या आवाजात, सावकाश, कमरेचे पट्टे सोडायला हरकत नसल्याचं प्रवाशांना सांगितलं. प्रवासी दोनच होते. त्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अंगरखा त्याने नेहमीप्रमाणे मंडळींना देऊन टाकला. काही आठवड्यांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला. "मी या कंपनीत मेकॅनिक होतो. नातवाने विमान दाखवलं. ही मान इतकी जाड होती हे आमच्यातल्या माणसाशिवाय कुणालाच माहीत नाही. तुम्ही कोण?" बायकोने निरोप खालच्या फोन नंबरासकट मोठ्याने वाचला, आणि सासूबाईंनी फोन लावायला सांगितला. पहिली पाच मिनिटं दोघांनाही धड बोलता येईना. नंतर डाव्या इंजिनातून तेल गळायचं की उजव्या, यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. त्या दिवसापासून त्यांचा फोन असतोच. ज्यांना ज्यांना दोघं ओळखत होते त्यांच्यातलं कोण आहे, कोण नाही, हे एकमेकांना सांगत बसतात.

एका संध्याकाळी फोन ठेवून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, फार मोठं देणं दिलंत मला."

त्याची जीभ पुन्हा टाळूला चिकटली होती. पण या खेपेला त्याने ती सोडवली. "देणं कसलं, आई. मी घरी बसलो होतो तेव्हा तुम्ही पाहुण्यांना सांगितलंत, की मी कामात आहे. मी आत होतो. ऐकलं मी. त्या वर्षी माझ्यावर तेवढा विश्वास माझाही नव्हता."

मान वळवून, नजरेच्या कडेने त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"खोटं कशाला सांगेन मी?" त्या म्हणाल्या. "बरं, एक विचारू? आमची कंपनी समुद्रावरून कधी गेली नाही. डोंगर नि शेतंच बघितली मी वरून. तुमच्या त्या यंत्रात समुद्र आहे का?"

"आहे."

"किती?"

"हवा तेवढा."

"मग न्या."

त्याने विमान काढलं. बायको चहाचा कप घेऊन मागच्या खुर्चीत येऊन बसली. किनारा मागे पडला, आणि टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत निळं पसरलं. सासूबाईंनी मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"दिसतोय," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडून दिसतोय."