भोवरा आणि त्याची टिपिका

एका जागी कधी टिकत नसे, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत. कॉफीच्या बागेत अशा माणसाचं काय काम, हा प्रश्न रास्त होता. झाड लावल्यावर पहिलं फळ दिसायला वर्षं जातात. याला कप निवेपर्यंतही धीर नसे, म्हणून जीभ कायम पोळलेली.

बागेतल्या कॉफीच्या जातींबद्दल तो नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोले. वरच्या उतारावर वडिलांनी लावलेली टिपिका. उंच, हातपाय पसरलेली, कोवळी पानं तांबूस, फळ कमी, पण चव अशी की पिणारा क्षणभर गप्प होतो. "आमचे थोरले काका. काम बेताचं, माणूस गोड." मधली कतुरा बुटकी, फांद्या फळांनी गच्च, खताला कायम हावरी. ही धाकटी वहिनी. कुंपणाला लागून कतिमोर, म्हणजे जावईबापू. पिकतो भरपूर, तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या रोगाला, सहसा दाद देत नाही, फक्त चवीला जरा फटकळ. काका आणि वहिनी मात्र तांबेऱ्यापुढे लगेच हात टेकतात.

आणि तांबेरा शेजारच्या बागेत आला. पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी, मग पानगळ, मग नुसत्या काड्या. वडिलांची टिपिका वाचते का, याखेरीज भोवऱ्याला दुसरं काही सुचेना. रोज सकाळी तो शेजाऱ्याकडे हजर.

"या! तुम्ही उलटून बघितल्याशिवाय माझ्या पानांना करमत नाही," शेजारी म्हणे.

तिथली पानं उलटून झाली की तसाच परत येऊन तो टिपिकाची पानं उलटून बघे. दुपारी पुन्हा तेच.

"अहो, बसा जरा," बायको म्हणायची.

"बसून तांबेरा थांबतो का?"

"फिरून थांबलाय?"

काही आठवड्यांनी टिपिकावर डाग दिसलेच. भोवरा कुंपणाकडे धावला. शेजाऱ्याचा तांबेरा वाऱ्याबरोबर तिकडूनच येणार, हा त्याचा हिशेब. कुंपणाकडची झाडं हिरवीगार होती. बायको मात्र उतारावरच्या पायवाटेने सावकाश वर गेली आणि तिने हाक मारली.

"इकडे या. डाग कुठे आहेत बघा. वाटेच्या दोन्ही बाजूंना. शेंड्याला नाहीत, बुंध्याशी नाहीत. हात वर करा."

त्याने केला. बोटं नेमकी डागाळलेल्या फांदीला टेकली.

"तांबेरा तुमच्याच उंचीचा आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या सदऱ्याची दुमडलेली बाही उलगडली. घडीत नारिंगी भुकटी होती. जावयांची अख्खी रांग चुकवून पाहुणा मालकाच्या बाहीतून आत आला होता.

भोवरा बाहीकडे बघत उभा राहिला. पाय मात्र जागच्या जागी हलत होते.

वाटेकडची झाडं छाटली, फवारणी झाली, तरी काही मेलीच. आतली टिपिका अजून स्वच्छ होती आणि ती तशीच राहावी यासाठी बायकोने एकच नियम केला: भोवऱ्याने उतारावर पाऊल टाकायचं नाही. त्याला ओट्यावर बसवून समोर माती आणि पिशव्या ठेवल्या. मेलेल्या झाडांच्या जागी कतिमोर लावायचा, त्याची रोपं करायची होती. ती धुतलेले कपडे घालून, हात साबणाने घासून वर गेली.

"काय दिसतंय?" तो खालून ओरडला.

"पानं!"

त्याने पिशवी भरली, दाबली, पुन्हा रिकामी केली.

"कशी आहेत?"

"अजून पहिल्याच झाडाशी आहे मी!"