पूजेचा हात

बहात्तरच्या दुष्काळात रेणापूरचा गुंडप्पा पोटामागे लातूरला आला आणि एका खासगी दवाखान्यात चिकटला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांची मोडकी हाडं तिथे बसवली जायची. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर हाड बघत आणि गुंडप्पा रोग्याचा हातपाय ताणून धरी. मशीन जुनं, हैदराबादहून आणलेलं. किरण दिसत नाहीत, चटका देत नाहीत, मग भ्यायचं कशाला?

तरी डॉक्टरांनी हातमोजे दिले होते, आत शिसं आणि वरून चामडं. इथेच घोडं पेंड खात होतं. गुंडप्पा लिंगायत. रोज सकाळी डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून पूजा केल्याशिवाय तो पाण्याचा घोटही घेत नसे. तो हात चामड्यात घालायचा कसा? म्हणून उजव्या हातात मोजा, डावा उघडा. डॉक्टर एकदा बोलले, पुन्हा बोलले नाहीत. खरं तर त्यांनी तिथेच मशीन बंद करायला हवं होतं. पण बाहेरची रांग दिसली की शहाण्यालाही बाकीचं दिसेनासं होतं.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, पेढे वाटले गेले, दवाखान्यातली गर्दी दुप्पट झाली. धाकटा भाऊ मन्मथ गुंडप्पाच्या हाताखाली लागला. भावाचं बघून तोही डावा हात उघडाच ठेवू लागला.

आधी गुंडप्पाच्या डाव्या हाताची नखं काळवंडली. मग कातडीला चिरा गेल्या. बायको शिवकांता रोज खोबरेल चोळायची. पाऊस पुन्हा तोंड फिरवून बसला त्या वर्षी बोटांच्या मुळाशी एक जखम झाली, ती भरेचना. मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला तेव्हा कळलं, कॅन्सर आहे. किरणांनी इतकी वर्षं हात आतून पोखरला होता. तो मनगटाच्या वर कापावा लागला.

घरी आल्यावर त्याने लिंग उजव्या तळव्यावर घेतलं, पण बेल वाहायला हातच उरला नव्हता. शिवकांताने पान वाहिलं. गुंडप्पा ढसाढसा रडला. ज्या हाताला जपलं तोच गेला, याचा त्याला संताप आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

दुपारी मन्मथ भेटायला आला. गुंडप्पाने त्याचा डावा हात ओढून दारातल्या उजेडात धरला. दोन नखांवर काळ्या रेघा उठल्या होत्या. दारात बोटं चेमटली, असं म्हणत मन्मथने हात सोडवून घेतला.

"ते काम सोड," गुंडप्पा म्हणाला.

"सोडून खाऊ काय, अण्णा? दुष्काळ हाय."

गुंडप्पाने गळ्यातलं लिंग उजव्या मुठीत धरलं.

"मग उद्यापासून चामड्यात हात घाल," तो म्हणाला. "देवानं इचारलं तर माझं नाव सांग."