परक्यांच्या पोरांसाठी धीर

ईडन प्रेरीत आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या काकांइतका धीर अख्ख्या मिनेसोटात कुणापाशी नसेल. काकांनी जन्मात स्केट्स घातलेले नाहीत; हिवाळ्यात टपालपेटीपर्यंत जातानासुद्धा ते काकूंचा दंड धरतात. पण आइस हॉकीच्या संघांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी वरच्या नंबरावर निवडलेल्या पोरांचे ते स्वयंघोषित पालक आहेत. अठराव्या वर्षी पोराची निवड होते, दुसऱ्या दिवसापासून गाव त्याच्याकडे करंडक मागू लागतं आणि दोन वर्षांत गोल झाले नाहीत की त्याला फुकट गेलेला ठरवून मोकळं होतं. काकांना हे सहन होत नाही. "अरे, मिसरूड तरी फुटू द्या," ते म्हणतात. "डिफेन्सवाल्याला पाच वर्षं द्या. गोलकीपरला तर पंचविशीपर्यंत काही विचारूच नका. आणि सगळेच स्टार होत नसतात. रोज इमानाने खेळणारा निघाला तरी खूप झालं." एकदा असल्याच एका पोराला नावं ठेवणाऱ्या न्हाव्याला त्यांनी 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण इंग्रजीत समजावून सांगितली. न्हाव्याने कात्री थांबवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, कुठल्या गुडघ्याला?

असा हा धीराचा माणूस बॉस्टनमध्ये पीएचडी करणाऱ्या स्वतःच्या लेकीला मात्र दर रविवारी एकच प्रश्न विचारायचा: थीसिस कधी? वर कुणाकुणाच्या मुलांना कुठे कुठे नोकरी लागली, तेही ऐकवायचा. मला काकांचा खरोखर राग यायचा. पोरगी घरी यायचीच बंद झाली. एका रविवारी मी तिथेच चहा घेत होतो आणि फोन स्पीकरवर होता. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या मुलांसाठी तुम्ही इतकं वेट करता. व्हाय नॉट फॉर मी?" त्यानंतरचे सगळे रविवार काका तिला बॉस्टनचं हवामान विचारत राहिले.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅच बघायला त्यांच्याकडे गेलो. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. सोफ्यावर पांघरूण घेऊन लेक गाढ झोपली होती आणि काका टीव्हीकडे पाठ करून तिच्या पायाशी खुर्ची टाकून बसले होते.

"स्कोअर काय झाला?" मी हळूच विचारलं.

"बघितला नाही," ते कुजबुजले. "चार वर्षांनी घरी झोपलीय रे."