‘आयला’ आणि इतर व्यायाम

चार माणसं एका बाकावर वाट बघत बसवली, की किस्से आपोआप तयार होतात. त्यातून ती दुखणाईत असली तर विचारूच नका. हात चालत नाही, पाय चालत नाही, मग सगळा जोर तोंडात येतो. पौडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या मॅडमची फिजिओथेरपीची खोली आहे. डाव्या हातात बळ यावं म्हणून मी तिथं जायला लागलो. बळ आलं थोडंफार, किस्से मात्र पोतंभर जमले.

मी एसटीचा रिटायर्ड कंडक्टर. कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात, म्हणून मी तिथंही मास्तरच. अंगावरून वारं गेलं आणि माझा डावा हात नुसता लोंबकळायला लागला. बाकावर माझ्या शेजारी उरवड्याचे नाना. जमीनजुमला भरपूर, कंपनीतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि गुडघा नवा बसवलेला. त्यांच्या पलीकडं कोळवण खोऱ्यातला धोंडिबा, शेळ्या राखणारा, आणि त्याला धरून आणणारी त्याची बायको ठकूबाई. मॅडम कोथरूडहून येतात. वयानं आमच्या लेकीसारख्या, पण दटावतात आईसारख्या.

*

धोंडिबालाही वारंच गेलं होतं. पण त्याचं उजवं अंग गेलं आणि सोबत बोलणंही गेलं. समजायचं सगळं. तोंडातून मात्र एकच शब्द बाहेर पडायचा, ‘आयला’.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, “बाबा, नाव काय तुमचं?”

“आयला.”

“बरं. दुखतं कुठं?”

“आयलाऽ.”

मॅडमचा चेहरा पडला. ठकूबाई शांतपणे म्हणाली, “नाव धोंडिबा. दुखतंय खांद्यात. आन् दुसरं आयला जरा लांबलं नव्हं, त्ये पंख्याचं. बंद करा, गार लागतंय.”

मॅडमनी पंखा बंद केला. धोंडिबानं समाधानानं मान हलवली.

“तुम्हाला हे सगळं कळतं कसं?” मॅडमनी विचारलं.

“जल्म गेला संगट. एवढं बी कळंना तर मग काय?”

हे ऐकून नाना माझ्याकडं सरकले. हळूच म्हणाले, “मास्तर, मी घरी पानभर बोललो तरी आमची ही म्हणती, काय म्हणालात? आन् हितं बघा.”

*

माझ्या हातात मॅडमनी पिवळा रबरी चेंडू दिला होता, हसऱ्या तोंडाचा. तो दाबायचा. मला काही तो दाबवेना. उलट तोच मला हसतोय असं वाटायचं. एकदा मी तो खिडकीतून गल्लीत टाकला आणि हरवला म्हणून सांगितलं. नानांनी तो परत आणून दिला.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, नोकरीत या हातानं काय करायचात?”

म्हटलं, “दोरी ओढायचो. एक घंटा दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की चालते.”

पुढच्या खेपेला बघतो तर खोलीत आढ्याला दोरी बांधलेली, तिच्या टोकाला पितळी घंटा. चेंडूवर रुसलेला माझा हात दोरी बघून जरा हुशार झाला. तरी कितीतरी दिवस दोरी नुसती हलायची, घंटा मुकीच.

मग एका सकाळी ती वाजली. टण. एकदाच.

नाना जागच्या सायकलवर पाय मारत होते, ते थांबले. धोंडिबाचा हात मॅडमनी वर उचलून धरला होता, तो त्यानं खाली येऊ दिला नाही. मॅडम म्हणाल्या, “काय झालं? थांबलात का सगळे?”

“मास्तरनी सिंगल दिली,” नाना म्हणाले. “कुनालातरी उतरायचं असंल.”

“अहो नाना, चालवा सायकल.”

“डबल दिल्याबिगर कशी हलंल गाडी?”

डबल द्यायची माझ्यात कुठली ताकद! घाम फुटला. पण गाडीभर पॅसेंजर खोळंबलेत म्हटल्यावर कंडक्टरचा जीव राहत नाही. दात आवळून ओढलं. टण टण. नाना लगेच पाय मारायला लागले आणि धोंडिबा जोरात म्हणाला, “आयला.” त्याचा अर्थ ठकूबाईला विचारायची गरज पडली नाही. रिटायर झालो त्या दिवशी हारतुरे घेताना मी रडलो नव्हतो. त्या सकाळी मात्र रडलो, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

*

नानांचा मुलगा हिंजवडीला आयटीत. त्यानं बापाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. नाना किती चालले, ते तिकडं मुलाच्या मोबाईलवर उमटायचं. कमी चालले की फोन यायचा, “बाबा, आज काय झालं?” नाना वैतागले. गुडघा आपला, पाय आपला आणि हजेरी पोराकडं.

महिनाभरानं बघतो तर नाना एकदम खुशीत. मुलगा म्हणे रोज शाबासकी देतोय. “बाबा, संध्याकाळी तर तुम्ही कमाल करता.” मॅडमही खूश. पण सायकलवर बसवलं की नानांना दोन मिनिटांत धाप लागायची. हे गणित काही मॅडमना सुटेना.

मग एका रविवारी मुलगा उरवड्याला आला. नवे बूट घालून तयार. म्हणाला, “बाबा, आज मीही येतो तुमच्याबरोबर. कुठून कुठून जाता ते दाखवा.”

नाना त्याला घेऊन निघाले ते थेट शेजारच्या मारुतीच्या देवळात. तिथं भजन सुरू होत होतं. नाना पाय लांब करून खांबाला टेकून बसले, टाळ उचलले आणि घड्याळाचा हात असा चालवायला लागले, की घड्याळ बिचारं पळत सुटलं. मुलगा बघतच राहिला.

नानांनी दुसरे टाळ त्याच्यापुढं सरकवले. “बस. तू बी चाल थोडं.”

*

आता धोंडिबाची गोष्ट पुढं नेतो, कारण आमच्या बाकाला खरी काळजी त्याचीच होती.

त्याचं बोलणं परत यावं म्हणून मॅडमनी पुण्याच्या एका ताईंकडून मोबाईलवर शिकवणी लावून दिली. धोंडिबाच्या वस्तीवर रेंज नाही. ती फक्त एका फार्महाऊसच्या कुंपणाच्या भिंतीपाशी येते. मग शिकवणीच्या वेळी धोंडिबा त्या भिंतीला टेकून बसायचा, ठकूबाई मोबाईल धरायची आणि आजूबाजूला शेळ्या चरायच्या. ताई तिकडून एकेक चित्र दाखवायच्या.

“हे काय आहे, बाबा?” सफरचंद होतं.

“आयला.”

“आणि हे?” छत्री.

“आयला.”

इतक्यात बोडकी नावाची शेळी, जी सगळ्या कळपाच्या पुढं चालते, तिनं मोबाईलमध्ये तोंड घातलं. तिकडं ताईंना एकदम नाकपुड्या आणि दाढी दिसली. त्या किंचाळल्या, “अगं बाई, हे काय आहे?”

“आयला,” धोंडिबा म्हणाला.

ठकूबाई म्हणाली, “शेरडू हाय म्हनत्यात. ह्ये बरूबर आलं बगा. ह्याचं तरी मार्क द्या.”

*

हसायचो आम्ही, पण ठकूबाईच्या मनात घोर होता. तो असा, की शेळ्या धोंडिबाच्या आवाजावर चालायच्या. ओठ थरथरवून तो “ब्रर्र्र्र” करायचा आणि शेवटी जीभ टाळूवर आपटून “टॉक”. तेवढं झालं की डोंगरावर पांगलेला कळप खाली यायचा. दुसऱ्या कुणी तस्संच केलं तरी शेळ्या ढुंकून बघायच्या नाहीत. त्यांचा मुलगा कंपनीत कामाला, त्याला वेळ नाही. ठकूबाई हाका मारून मारून घसा बसवायची आणि शेळ्या लोकांच्या भातात.

दवाखान्यातून घरी आल्यावर धोंडिबानं एकदा प्रयत्न केला होता. ओठ एका बाजूला ओघळलेले, तोंडातून नुसता वारा गेला, फुस्स. बोडकीनं मान वर केली, जरा बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. तेव्हापासून त्यानं तो आवाज काढायचंच सोडलं. ठकूबाईनं हे आम्हाला बाकावर बसून सांगितलं.

मॅडमनी त्याला साबणाचे फुगे उडवायला दिले, ओठात जोर यावा म्हणून. एवढा मिशाळ गडी खोलीत बसून फुगे काढायचा. एकदा एक फुगा जाऊन नानांच्या टकलावर बसला आणि फुटेचना. धोंडिबा त्या दिवशी आजारपणात पहिल्यांदा हसला. नानांनी पुढचे आठ दिवस त्याच्यासमोरच टोपी काढून बसायचा नेम ठेवला. वर म्हणायचे, “लई उकडतंय.”

*

तोवर ठकूबाईनं एक शक्कल काढली. फार्महाऊसच्या साहेबांनी धोंडिबा धडधाकट असताना त्याचा शेळ्या बोलावतानाचा व्हिडिओ काढला होता. तिनं तो मागून घेतला, मुलाकडून एक छोटा स्पीकर आणवला आणि गळ्यात अडकवून डोंगराला गेली. बटण दाबलं. ब्रर्र्र्र, टॉक. सगळा कळप हजर! ठकूबाई मला म्हणाली, “मास्तर, मालकाचा आवाज गळ्यात बांधून हिंडतीया बगा.”

झकास चाललं होतं. पण त्या साहेबांकडं एका रविवारी पुण्याहून पाहुणे आले. हिरवळीवर टेबलं मांडली, जेवण लावलं. साहेबांना वाटलं, पाहुण्यांना खेड्यातली गंमत दाखवावी. त्यांनी तो व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर लावला आणि आवाज नाचगाण्यासाठी आणलेल्या मोठ्या स्पीकरला जोडला.

अख्ख्या खोऱ्यात धोंडिबाचा आवाज घुमला. ब्रर्र्र्र, टॉक.

बोडकी कुंपणाच्या भिंतीवरून पहिली आत. मागून सगळा कळप. सॅलड गेलं, पोळ्या गेल्या, कुंडीतली विकत आणलेली झाडं गेली. पाहुणे खुर्च्यांवर चढले. साहेब भिंतीपाशी येऊन ओरडले, “ठकूबाई, तुमच्या शेळ्या आवरा!”

ठकूबाई पलीकडून म्हणाली, “तुमीच बोलावल्यात की.”

*

पण शेळी काही खुळी नसते. आवाज येतो आणि माणूस येत नाही, हे थोड्याच दिवसांत बोडकीच्या लक्षात आलं. एका सकाळी ठकूबाईनं बटण दाबलं आणि कळप जागचा हलला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्या संध्याकाळी शेळ्या परत भातात. आठवड्याभरात शेळ्या विकायचं ठरलं. मुलानं व्यापारी बघितला, दिवसही नक्की झाला.

धोंडिबानं त्यानंतर ‘आयला’सुद्धा म्हणायचं बंद केलं. फुगे दिले की बाटली बाजूला ठेवायचा. मॅडम समजावून दमल्या. बाकावर तो आमच्या शेजारी बसायचा, पण असून नसल्यासारखा. मी डबल बेल दिली तरी त्याचा हात हलायचा नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही नानांच्या गाडीतून कोळवणला गेलो, मी, नाना आणि मॅडम. कशाला गेलो ते आम्हालाही सांगता आलं नसतं. अशा वेळी माणसानं जवळ असावं, एवढंच.

व्यापाऱ्याचा पिकअप उभा होता. मागं फळी लावलेली. ठकूबाई एकेकीच्या पाठीवर हात फिरवून वर चढवत होती. बाकी सगळ्या चढल्या, बोडकी फळीवर निम्म्यात अडून बसली. धोंडिबा एका दगडावर तोंड फिरवून बसला होता.

व्यापारी माणूस बरा होता. तो धोंडिबापाशी जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, “बाबा, मालक तुमी हायसा. तुमच्या तोंडनं ऐकल्याबिगर मी गाडी हलवायचो न्हाई. द्यायच्यात ना शेरडं?”

धोंडिबानं मान वळवली. फळीवरच्या बोडकीकडं बघितलं. तोंड उघडलं. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो.

तो आला नाही. धोंडिबानं ओठ जुळवले. आधी नुसता वारा गेला, फुस्स. नानांनी मान खाली घातली. धोंडिबानं डाव्या हातानं आपला ओघळलेला गाल वर उचलून धरला आणि पुन्हा जोर लावला.

“ब्रर्र्र्र.”

कच्चा आवाज, मध्येच फाटलेला. शेवटचं टॉक तर लागलंच नाही. पण बोडकीचे कान ताठ झाले. ती फळीवरच उलटी फिरली आणि तिच्यामागं गाडीतल्या सगळ्या, कुणी फळीवरून, कुणी कठड्यावरून उडी मारून. व्यापारी वाटेत होता, त्याची टोपी कुठल्या कुठं गेली. बघता बघता धोंडिबा शेळ्यांत दिसेनासा झाला.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी त्या सवयीनं म्हणाल्या, “छान, बाबा. आता असंच दहा वेळा.”

व्यापाऱ्यानं टोपी शोधली, झटकली, डोक्यावर घातली. “आवं, पर मी काय समजायचं आता? द्यायच्यात का न्हाई?”

शेळ्यांच्या मधून धोंडिबाचं डोकं वर आलं. त्यानं व्यापाऱ्याकडं बघितलं, आणि चांगलं ठासून म्हणाला, “आयलाऽऽ.”

व्यापाऱ्यानं ठकूबाईकडं बघितलं. “काय म्हनत्यात?”

ठकूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीकडं निघाली.

“च्या घेऊन जावा, म्हनत्यात.”