इंदूअक्काचं तिसरं चाक

इंदूअक्काला कुठलीही वस्तू दाखवा, ती आधी बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघायची. टरबूज, माठ, पितळी पातेलं, दाराची फळी, काहीही. मी शिक्षिका म्हणून बदली होऊन पारोळ्याला आले आणि तिच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच सकाळी ती चहा घेऊन आत आली, मी जिथे घड्याळ लावायला निघाले होते ती भिंत तिने वाजवली आणि म्हणाली, "पोकळ शे, ताई. खिळा ठोकशात तं बठ्ठा पोपडा खाले येई." मी मुकाट्याने दुसऱ्या भिंतीकडे वळले.

ही खोड तिला खापरांनी लावली होती; तडा गेलेलं खापर आवाजावरून ओळखू येतं. अक्का लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करायची. खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मातीचं रुंद भांडं चुलीवर पालथं घालतात, त्याला म्हणायचं खापर. पुरण भरलेली पोळी लाटणं न लावता दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची, पार कोपरापर्यंत, आणि अलगद त्या तापल्या खापरावर पसरायची. अक्काच्या हातावर ती पोळी अशी फिरायची की मांडवातली पुरुषमंडळीसुद्धा गप्पा सोडून बघत उभी राहायची. तिच्याबरोबर दोन बायका असत, पण खापरं मात्र तिचीच. वर्षानुवर्षं जाळ खाऊन काळी झालेली, तुळतुळीत. त्यांच्यावरून मांडा आपोआप सुटायचा. "नवं खापर रुसेल ऱ्हास," ती म्हणायची. "त्याले वरीसभर समजावनं पडस."

तिचे यजमान सुकलालनाना. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, मवाळ बोलणारे, सडपातळ. गाव तिला अक्का म्हणायचं म्हणून तेही तिला अक्काच म्हणायचे, आणि ती त्यांना नाना. त्यांच्या काळ्या मोटारसायकलवर दोघं गावोगाव जात. पुढे नाना, मागे अक्का, तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं एक खापर आणि बाकीची कॅरियरला बांधलेली.

मी येण्याच्या आदल्या वर्षी एका वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. नानांच्या मांडीचं हाड मोडलं. अक्काला खरचटण्यावर निभावलं, पण खापरं फुटली. सासूच्या हातचं एक होतं, तेही गेलं. नाना रस्त्यात आडवे पडलेले आणि अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, भोवती सगळ्या खापऱ्या. नानांच्या मनात तेच चित्र राहून गेलं. हाड जुळलं, ते काठीशिवाय चालायलाही लागले, पण गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. तिच्यावर ताडपत्री टाकून दोरीने करकचून बांधून ठेवली. विकू म्हटलं तरी नको, चालवू म्हटलं तरी नको.

अक्काने घरी उरलेली आणि नव्याने रुळवलेली खापरं भाड्याच्या टेंपोतून न्यायला सुरुवात केली. लग्नसराईत टेंपो वेळेवर मिळायचा नाही, मिळाला तर ड्रायव्हर खड्डा बघायचा नाही. एकदा ती अमळनेरकडच्या एका गावाहून परत आली ती ओसरीवरच बसून राहिली. पिशवीत एका खापराचे दोन तुकडे होते. मी पाणी दिलं. तिने तुकडा वाजवून बघितला, खणखणीत आवाज आला नाही, तशी म्हणाली, "ताई, असंच चालनं तं मना हात रिकामा ऱ्हाई जाई." तिच्या तोंडून मी तक्रार ऐकली ती तेवढी एकदाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धुळ्याच्या बाजारात तिला एक माणूस दिसला. पायाने अधू होता आणि त्याच्या स्कूटरला जादा चाकं लावलेली होती. अक्का त्याच्या मागे मागे चालत गेली, चाकं कुठे लावली ते विचारून आली आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "त्याना पायले चाक लाई दिनं. मना खापरस्ले बी पाय नहीत. त्यास्ले एक चाक जोयजे."

रात्री नानांनी ऐकलं आणि ते जेवणावरून उठून गेले.  तिसऱ्या दिवशी अक्काने स्वतःच ताडपत्रीची दोरी सोडली. नाना ओटीवरून बघत होते. ते म्हणाले, "तू चालावशी?"

"मी नही तं कोन?"

"पडशी."

"दोन चाकवर पडसू. तीनवर कशी पडसू?"

नानांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांनी अडवलं मात्र नाही.

ती चाकं लावून देणाऱ्या सलीमभाईंचं धुळ्यात वेल्डिंगचं दुकान होतं. त्यांनी गाडी फिरून फिरून बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अक्का, चलेगी तो सही. सीधी चलेगी का, मालूम नही." तरी त्यांनी काम घेतलं. गाडीच्या डाव्या अंगाला लोखंडी पाळणा, त्याच्या बाहेरून तिसरं चाक, खाली स्प्रिंगा. पाळण्यात अक्काने गादी घातली. माप घ्यायला तिने खरं खापरच नेलं होतं, सलीमभाईंना ते फुटेल म्हणून घाम फुटला होता.

दरम्यान अक्का गावातल्या किल्ल्यामागच्या मोकळ्या जागेत भावाच्या गाडीवर गियर शिकत होती, रीतसर परवाना काढत होती. मी शाळा सुटल्यावर बघायला जायची. गाडी दहादा बंद पडायची. "बठ्ठं सोपं शे," ती हेल्मेटातून ओरडायची, "निस्ता पहिला गियर अवघड शे!"

तिसरं चाक लागलेली गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा सलीमभाईंची शंका खरी ठरली. रेस दिली की गाडी डावीकडे ओढायची, ब्रेक दाबला की उजवीकडे. अक्का सरळ निघाली आणि वळली ती समोरच्या पाटलांच्या कडब्याच्या गंजीत जाऊन शिरली. सगळी गल्ली धावली. कडब्यातून आधी हेल्मेट बाहेर आलं, मग अक्का. हसत होती. "गाडी मनं आयकत नही ना, मी तिनं आयकी लिसू," म्हणाली. मी वळून पाहिलं. नाना ओटीवर उभे होते, खांबाला धरून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते कुणाकडेच न बघता आत गेले.

सलीमभाईंनी चाकाचा कोन बदलला, अक्काने हात बदलला, आणि गाडी वळणावर आली. डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, शेजारी गोधडीत झोपवलेली खापरं, अशी ती मुख्य रस्त्याने जायला लागली तेव्हा दुकानदार बाहेर येऊन बघायचे. कामं दूरदूरून यायला लागली. नाना मात्र ती गेली की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानटपरीच्या बाकावर जाऊन बसायचे आणि ती येईपर्यंत उठायचे नाहीत. गाडीचा आवाज आला की हळूच घरी निघायचे, जणू सहज फिरायला गेले होते. हे अक्काला ठाऊक होतं. तिने कधी दाखवलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली असताना महामार्गावर एका वाहतूक हवालदाराने तिला थांबवलं. माणूस सभ्य होता. त्याने अक्काला सावलीत उभं केलं आणि सांगितलं, "अक्का, गाडीत असा बदल केला तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत ही रस्त्यावर आणू नका. पुन्हा दिसली तर मला जमा करावी लागेल." अक्का त्या दिवशी गाडी ढकलत जवळच्या ढाब्यापर्यंत गेली आणि तिथे ठेवून एसटीने घरी आली. आखाजीच्या आठवड्यातली सगळी लग्नं तिने घेतलेली होती. मंजुरी नाकारली गेली तर पाळणा कापून काढावा लागणार होता. "कापाले सांगतीन का हो ताई?" तिने मला विचारलं. मला काय माहीत असणार. मी म्हटलं, बघू.

आम्ही अर्ज केला आणि तपासणीसाठी जळगावला बोलावणं आलं. गाडी चालवत नेता येत नव्हती, म्हणून एका पिकअपमध्ये घालून नेली. मी रजा टाकून बरोबर गेले. आश्चर्य म्हणजे नानाही आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खिडकीबाहेर बघत.

मैदानावर ऊन रणरणत होतं. तपासणीला आलेले साहेब मध्यमवयीन होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. त्यांनी वाकून जोडकाम बघितलं, बोल्ट हलवून बघितले, अक्काला दहा प्रश्न विचारले.  मग ते म्हणाले, "रिकामी चालवून उपयोग नाही. नेहमी नेता तेवढं वजन टाका आणि मला वळवून, थांबवून दाखवा."

खापरं आणलेली होती. पण पीठ, पुरणाची पातेली, परात, लाकडं यातलं काहीच नव्हतं. मी आजूबाजूला काही दगडविटा मिळतात का बघायला लागले. तेवढ्यात नाना पुढे आले.

"मी बठस."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. "ऱ्हाऊ द्या, नाना. ताई आनी ऱ्हायनी काहीतरी."

"बठस म्हनं ना."

त्यांनी चप्पल काढली, देवळात शिरावं तसा एक पाय पाळण्यात ठेवला आणि लोखंडी कड धरून खाली बसले. अक्काने एक खापर त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला लांबून दिसत होती.

अक्का निघाली. सरळ गेली, उजवीकडे वळली, ठीक. मग डाव्या वळणावर तिने जरा जास्त वेग धरला आणि तिसरं चाक जमिनीवरून उचललं गेलं.  साहेब एक पाऊल पुढे सरकले. आणि नाना, इतकी वर्षं गाडी चालवलेले नाना, खापरासकट डावीकडे कलले. अंगानेच कलले, विचार करायला वेळच नव्हता. चाक खाली टेकलं. अक्काने वेग कमी केला, वळण पुरं केलं आणि फक्कीने आखलेल्या रेघेच्या अलीकडे गाडी उभी केली.

 साहेब पाळण्यापाशी गेले. "बाबा, ठीक आहात ना?"

नानांनी मान हलवली. मग गोधडी बाजूला करून खापर उन्हात धरलं आणि सगळीकडून बघितलं. "काही नही व्हयनं," ते म्हणाले. नंतर जरा मोठ्याने, अक्काकडे बघून, "काहीच नही व्हयनं!"

साहेबांनी तिसऱ्या चाकालाही ब्रेक लावायला सांगितला, मागे लाल चमकपट्ट्या, बसणाऱ्याला धरायला दांडा आणि कमरेला पट्टा. "एवढं करून आणा. आणि डावं वळण हळू घ्यायचं, मावशी. मग मला अडचण नाही." हे वाक्य ऐकल्याबरोबर अक्का गाडीवरून उतरली आणि तिथेच मैदानात मातीत बसली. हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. "ताई, मना गुडघा पहा कसा नाची ऱ्हायना," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. मीही तिच्या शेजारी फतकल मारली. साहेब संकोचून कागद चाळत दुसरीकडे गेले.

परतीच्या वाटेवर आम्ही उसाच्या रसासाठी थांबलो. ग्लास रिकामा करून नाना एकदम म्हणाले, "मी सकायपाईन देवले म्हनी राहिंतू, साहेब नही म्हनू दे."

अक्का शांतपणे म्हणाली, "माले माहीत व्हतं."

"माहीत व्हतं तं माले आनं कशाले?"

"घरी बसता तं आखो जास्त भ्याता."

नाना हसले. त्यांना दात दाखवून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खूप दिवस अंगावर ठेवलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे खाली आले होते. पारोळ्यापर्यंत ते पिकअपच्या ड्रायव्हरशी रस्त्यांविषयी बोलत होते, कुठे खड्डे आहेत, कुठे वळण फसवं आहे. सलीमभाईंनी सगळी कामं लगेच करून दिली, मंजुरी मिळाली आणि आखाजीची लग्नं पार पडली. पानटपरीचा बाक त्यानंतर रिकामा दिसायला लागला, कारण नाना पाळण्यात असायचे.

पुढच्या वर्षी माझी बदली बोदवडला झाली. निघताना अक्काने मला मिठी मारली नाही. माझ्या नव्या बॅगेचं चाक वाजवून बघितलं आणि "हलकं शे, जपीसन ओढा," एवढंच म्हणाली.

मध्यंतरी शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. मी सकाळीच पोचले. मांडवात बायका परातीत पीठ मळून मांडेवालीची वाट बघत होत्या. कुणीतरी म्हणालं, आली गाडी. मी बाहेर आले.

गाडी नाना चालवत होते. पाठ ताठ, हेल्मेट नीट बांधलेलं, डोळे रस्त्यावर. पाळण्यात खापरांच्या मधोमध, कमरेला पट्टा लावून, अक्का झोपली होती. तोंड किंचित उघडं, पदर चेहऱ्यावर ओढलेला, एक हात बाहेर लोंबकळत.

मी हाक मारायला तोंड उघडलं. नानांनी इंजिन लांबच बंद केलं, बोट ओठांवर ठेवलं आणि उतारावरून गाडी अलगद निंबाच्या सावलीत येऊ दिली.

"जरा थांबा, ताई," ते कुजबुजले. "आत्तेच डोया लागना तिना."

पिठाच्या हातांनी बाहेर आलेल्या बायकांनाही त्यांनी खुणेनेच थोपवलं.