सूड घेण्यापुरता कॉम्प्युटर

वहिनी दात बनवतात. म्हणजे कवळ्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात आणि एका लांबट, भरपूर उजेडाच्या खोलीत खिडकीपाशी बसून वहिनी त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवतात, दात लावतात, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळतो का ते बघतात. चावा हा त्यांचा लाडका शब्द. "दात कितीही देखणा असू दे, समोरच्या दाताशी त्याचं जमलं नाही तर तो नुसता शोभेचा," असं त्या शेजारच्या टेबलावर नव्याने आलेल्यांना ऐकवतात. गल्लीतले निम्मे म्हातारे त्यांच्याच दातांनी हसतात. त्यांच्या सासूबाईसुद्धा. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण वहिनींच्या मनात ठिणगी पडली ती सासूबाईंच्या हसण्यानेच.

झालं असं की वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. म्हणून काही आठवडे त्या धाकट्या दिराच्या तळमजल्यावरच्या घरी राहिल्या. हे भाऊजी पडद्यांच्या दुकानात विक्रेते. ज्याच्या घराला खिडकी नाही त्यालाही पडदा विकतील असं जिभेवर लोणी. त्यांच्या घरी गेम खेळायचा कॉम्प्युटर होता, त्याच्या काचेच्या पेटीत रंगीत दिवे फिरत असत. दिवसभर सगळे कामावर. पाय उशीवर टाकून वहिनी भिंतीकडे बघत बसायच्या. शेवटी जावेनेच गाड्यांची शर्यत लावून दिली आणि कंट्रोलर हातात ठेवला. "ताई, वेळ तरी जाईल."

पहिले काही दिवस वहिनींनी गाडीने कुंपणंच पाडली. मग हात शिकला. दाताच्या कडेवरून पातं फिरवताना श्वास धरावा लागतो, तसाच वळणावर धरायचा, हे एकदा कळल्यावर गाडी रस्ता सोडेना. ज्या बाईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती ती दुपारभर डोंगरातून सुसाट फिरू लागली. गुडघा दुखतोय हे तिला चहाच्या वेळी आठवायचं.

एका रविवारी सगळं घर जेवायला जमलं होतं. जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "या वहिनी, होऊन जाऊ दे." झालं. शेवटच्या फेरीत, पुलाजवळच्या वळणावर, वहिनी आतल्या अंगाने पुढे निघाल्या आणि जिंकल्या. त्यांच्या तोंडून चक्क आरोळी निघाली. पन्नाशीच्या बाईची आरोळी, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

भाऊजी खुर्चीत मागे रेलले. "अहो, मीच ब्रेक लावला तिथे. म्हटलं, आजारी माणूस आहे, जिंकू दे बिचारीला."

सगळे हसले. सासूबाई तर अशा हसल्या की वरची कवळी मागच्या दाढांपर्यंत चमकली. त्या कवळीचा रंग जुळवताना वहिनींनी डोळे शिणवले होते. स्वतः बनवलेले दात स्वतःलाच हसताना बघणं कसं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि नवरा? तो पाण्याचे मीटर तपासणारा, मुलखाचा गरीब माणूस. हसला नाही, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलला. वहिनींनी तो कोपराही टिपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला पासवर्ड होता. "वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण कंट्रोलरला बिस्किटांचा चुरा लागतो हो," भाऊजी म्हणाले.

त्या दिवसापासून वहिनींना एकच गोष्ट हवी होती. माफी नको, बक्षीस नको. त्याच घरात, त्याच माणसांसमोर, त्याच लोणी लावलेल्या तोंडातून एक वाक्य: वहिनी, तुम्ही जिंकलात.

घरी परतल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मी कॉम्प्युटर बांधणार आहे."

"अगं, विकत मिळतात की."

"विकतच्याला ते म्हणतील, दुकानदाराने जिंकवलं. माझ्या हातचा हवा."

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गंमत केली त्याने."

"तुमचा कोपरा हलला होता," वहिनी म्हणाल्या. कुठला कोपरा ते नवऱ्याला कळलं नाही, पण गप्प बसण्यातलं शहाणपण त्याला होतं.

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा दुकानदार म्हणजे एक सडपातळ, झोपाळू डोळ्यांचा माणूस. खोक्यांच्या दोन भिंतींमध्ये तो असा बसायचा की त्यालाही कुणीतरी तिथे रचून ठेवलंय असं वाटावं. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "बजेट किती?"

"सूड घेण्यापुरतं."

त्याचे डोळे जरा उघडले. "म्हणजे मध्यम. जास्त असतं तर तुम्ही माणूस लावला असता."

मग त्याने खोकी काढायला सुरुवात केली. आधी काचेची, दिव्यांची पेटी पुढे सरकवली. वहिनींनी ती बोटाने मागे ढकलली. "दिवे नकोत. दिव्यांचा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला."

"बरोबर. चित्रं तेच काढणार. मग हे मोठं घ्या, आणि प्रोसेसर हा साधा घेऊ."

वहिनींनी दोन्ही खोक्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "यांचा चावा जुळतो का?"

"काय जुळतो?"

"वरचा दात राक्षसाचा आणि खालचा पोराचा, असं तर नाही ना होणार?"

दुकानदाराने डोकं खाजवलं आणि कार्ड एक पायरी खाली, प्रोसेसर एक पायरी वर केला. "आता जुळतो. नाहीतर कार्ड जेवायला बसलं असतं आणि प्रोसेसर वाढायलाच आला नसता." रॅमच्या दोन पट्ट्या दिल्या. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन लहान जोडीने लावल्या तर काम भराभर होतं म्हणाला. वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायपाशी मात्र त्याने आवाज खाली आणला. "इथे कंजुषी करू नका. स्वस्तातला जाताना एकटा जात नाही, सगळ्यांना घेऊन जातो." वहिनींनी चांगलाच घेतला. पैसे वाचवले ते मॉनिटरमध्ये. तो मधल्या आकाराचा, पण चित्र पटापट बदलणारा.

पेटी मात्र त्यांनी हट्टाने सगळ्यात लहान निवडली. वर मूठ असलेली.

"यात हवा कमी खेळते," दुकानदार म्हणाला. "आणि एवढ्याशा पेटीला, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्डही लहान लागणार. मोठी घ्या ना, घरात एका जागी तर ठेवायचाय."

"एका जागी नाही ठेवायचा. जिथे अपमान झाला तिथे न्यायचाय."

त्याने पुढे वाद घातला नाही, एक जास्तीचा पंखा सुचवला. कार्ड त्या पेटीत मावेल का, याची त्याला खात्री नव्हती. वहिनींनी पिशवीतून साच्यांची मापं घ्यायचा कॅलिपर काढला, कार्ड मोजलं, पेटी मोजली आणि म्हणाल्या, "नखभर जागा उरते. द्या."

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्यांनी कॉम्प्युटर बांधला. प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढी म्हणजे वाटाण्याएवढीच पडली. वायरी अशा बांधल्या की नवरा बघतच राहिला. तो फक्त दोनदा बोलला. एकदा "जेवायचं कुठे?" आणि एकदा "छान दिसतंय गं."

कॉम्प्युटर सुरू झाला. वहिनींनी लगेच भाऊजींना फोन लावला. "बसा समोर. मी माझ्या घरून, तुम्ही तुमच्या."

आणि फजिती झाली. वहिनींची गाडी धावेना, ती उचक्या देत चालली. वळण यायचं, चित्र गोठायचं, आणि चित्र परत येईपर्यंत गाडी नदीत. फोनवर भाऊजींचं हसणं थांबेना. "वहिनी, गाडी ढकलत आणताय का? थांबा, मी उतरून धक्का देतो!" मागून सासूबाईंचाही आवाज आला. त्यांचं हसणं वहिनी दहा कवळ्यांतून ओळखतील.

फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला, पण तो स्वतः बांधलेला. त्यांनी दुकानदाराला फोन केला.

"मॉनिटरची वायर मागे कुठे खोचलीय?"

"वरच्या बाजूला, बाकीच्या वायरींजवळ."

"अहो, ती मदरबोर्डची जागा! कार्डाची खाली आहे, आडवी."

"तिथे तर काळ्या टोप्या आहेत."

"मग काढायच्या ना टोप्या!"

वहिनी खाली बसल्या. त्यांच्या कामात टोपी हा नियम असतो. डॉक्टरांकडे परत जायच्या वस्तूवर टोपी असली तर तिला हात लावायचा नाही, ती डॉक्टर काढणार, थेट पेशंटच्या तोंडापाशी. इतक्या वर्षांत हाताला हेच वळण लागलेलं. टोपी दिसली आणि हात आपोआप बाजूला गेला. एवढं हौसेने निवडलेलं कार्ड पेटीत नुसतं पाहुण्यासारखं बसून होतं. त्यांनी टोपी उपटली, वायर खाली लावली, आणि डोंगर असा उलगडला की त्यांच्या अंगावर काटा आला.

तिथून पुढे संध्याकाळ झाली की भाऊजी हरू लागले. ते हरायचे आणि कारण सांगायचे. कधी नेट गेलं, कधी दारात माणूस आला. मग म्हणाले, माझं कार्ड जुनं झालंय. त्यांनी नवं आणलं, दुकानातलं सगळ्यात भारी, आणि मेकॅनिकला कशाला बोलवायचं म्हणून स्वतःच बसवलं. तरीही हरले, उलट आणखी वाईट हरले. "नव्या कार्डाला सवय व्हायला वेळ लागतो," हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की जाऊ आठवडाभर तेच घरोघर सांगत होती.

वहिनी जिंकत होत्या, पण ते वाक्य काही येत नव्हतं. फोनवरच्या विजयाला साक्षीदार नाही. त्या सासूबाईंच्या वाढदिवसाची वाट बघत राहिल्या.

त्या दिवशी टॅक्सीच्या मागच्या सीटवर वहिनींनी कॉम्प्युटर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. नवरा मॉनिटर मांडीवर घेऊन पुढे बसला. भाऊजींच्या दारात मूठ धरून त्या उतरल्या तेव्हा जाऊ म्हणाली, "ताई, राहायला आलात की भांडायला?"

"खेळायला," वहिनी गोड हसून म्हणाल्या.

बैठकीच्या खोलीत सगळे जमलेले. सासूबाई मधल्या खुर्चीत. वहिनी प्लग शोधायला टेबलामागे वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. भाऊजींच्या काचेच्या पेटीची मागची बाजू समोर होती. मॉनिटरची वायर वर, मदरबोर्डात. खाली ते भारी कार्ड, आणि त्याच्या तोंडावर काळ्या टोप्या, एकही न काढलेली.

आधी त्यांना हसू आलं. ते त्यांनी पदरात दाबलं. गप्प बसायचं, बस. सगळ्यांसमोर हा माणूस उचक्या देत नदीत जाईल. चांगला शब्दाला शब्द, हसण्याला हसणं. त्यांनी प्लग लावला, उठल्या, खुर्चीत बसल्या. कंट्रोलर हातात घेतला.

आणि मग भाऊजी पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आधीच सांगतो हं, माझं मशीन सध्या रुसलंय."

वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आजही पळवाट तयार! आज हरले तर मशीन हरणार, भाऊजी नाही. ते वाक्य जन्मात मिळणार नाही. वहिनी उठल्या.

"थांबा भाऊजी. तुमचं कार्ड झोपलंय, उठवते." त्या मागे गेल्या, टोप्या पटापट काढल्या, वायर खाली लावली. भाऊजींच्या पडद्यावरचा डोंगर आरशासारखा लख्ख झाला. खोलीत "अरे वा!" झालं. जाऊ म्हणाली, "ताई, तुमचं मन मोठं हो. दुसरं कुणी सांगितलं नसतं."

मोठं मन कुठलं! वहिनींनी फक्त पळवाटेचं एक एक दार बंद केलं होतं. टोप्या त्यांनी भाऊजींच्या तळहातावर ठेवल्या. "जपून ठेवा. आता तर कारण नाही ना उरलं?"

"छे, आता बघाच," भाऊजी म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

तीन शर्यती ठरल्या. पहिली भाऊजींनी जिंकली, आणि चांगली जिंकली. ते काही बोलायच्या आत वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जिंकलात. मी कुठेही ब्रेक लावला नव्हता." नवऱ्याने खाली बघितलं. दुसरी वहिनींनी घेतली.

तिसरीत शेवटपर्यंत दोघं चाकाला चाक लावून होते. पुलाजवळचं वळण आलं. भाऊजींनी ब्रेक लावला नाही, अजिबात नाही. वेगाच्या भरात त्यांची गाडी बाहेर भरकटली, आणि वहिनी श्वास धरून, पातं फिरवावं तशा, आतल्या कडेने निघून गेल्या.

या वेळी आरोळी नाही. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि खुर्ची दिराकडे वळवली.

भाऊजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिशात टाकलेल्या टोप्या चाचपल्या.

"बोला ना," जाऊ म्हणाली. "का पुन्हा जिंकू दिलंत?"

"वहिनी," भाऊजी पुटपुटले, "तुम्ही जिंकलात."

वहिनी सासूबाईंकडे वळून अदबीने म्हणाल्या, "आईंना ऐकू आलं नसेल. जरा मोठ्याने सांगता?"

सासूबाईंचे कान उत्तम होते. पण त्यांनी मोठ्या सुनेकडे एकदा पाहिलं आणि हात कानामागे नेला. "काय म्हणतोय रे? मोठ्याने बोल!"

"वहिनी जिंकल्या! वहिनी जिंकल्या म्हणतोय!" भाऊजी ओरडले, आणि शेजारचं कुत्रं भुंकलं.

सासूबाई हसल्या. वरची कवळी मागच्या दाढांपर्यंत चमकली. वहिनींनी बघितलं, रंग अगदी बरोबर जुळला होता.